उन्हात वाढणारी हाडं

इंग्लंडच्या दक्षिण भागात सेलबोर्न नावाचं खेडं आहे. अठराव्या शतकात तिथे गिल्बर्ट व्हाइट हे पाद्री राहत, आणि त्यांच्या बागेत टिमथी नावाचं एक कासव. जात मूळची भूमध्य समुद्राकाठची. व्हाइट यांच्या आत्याने ते कित्येक वर्षं सांभाळलं होतं. १७८० साली आत्या गेल्यावर व्हाइट यांनी हिवाळी झोपेत असलेलं ते कासव जमिनीतून उकरून काढलं आणि घोडागाडीतून ८० मैलांवर आपल्या घरी आणलं. १७८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबोर्न’ या त्यांच्या पुस्तकात टिमथीच्या दोन सवयी नोंदलेल्या आहेत. थंडीच्या तोंडावर सूर्य आकाशात खाली उतरला की टिमथी भिंतीपाशी जाई, भिंतीचा आधार घेऊन अंग कलतं करी आणि पाठ उन्हाकडे करून तसंच राही. भर उन्हाळ्यात मात्र हेच कासव दुपारभर कोबीच्या मोठ्या पानाखाली नाहीतर शतावरीच्या गर्दीत दडून बसे.

पहिल्या नोंदीपाशी मी दर वेळी थबकतो. तिरपे किरण जास्त जागेवर पसरतात, म्हणून तसूभर जागेच्या वाट्याला ऊब कमी येते. सरळ पडणारे किरण एकवटतात. पृथ्वीवर उन्हाळा-हिवाळा होतो तो याच हिशेबाने, आणि आपल्याला तो भूगोलाच्या तासाला आकृती काढून शिकवावा लागतो. सेलबोर्नमधलं ते कासव भिंतीला टेकून, पाठ किरणांसमोर सरळ धरून, तोच हिशेब रोज चुकता करत होतं. आणि ऊन पुरेसं झालं की सावलीही स्वतःच शोधत होतं.

आज युरोप-अमेरिकेत अक्षरशः लाखो घरांत कासवं पाळली जातात. हर्मन कासव, काटेरी मांडीचं ग्रीक कासव, रशियन कासव, आफ्रिकेचं थोराड सल्काटा. त्यातली बरीचशी अशा प्रदेशात राहतात जिथे वर्षातले सहा-सात महिने त्यांच्या कामाचा सूर्य उगवतच नाही. मग माणसं दिवे लावतात, गाद्या तापवतात, यंत्रं बसवतात. त्या सगळ्या खटाटोपात कासवाला ‘गरम ठेवायचं’ असतं. पण कासवाला नुसती ऊब नको असते. त्याला सूर्य हवा असतो, म्हणजे वरून येणारी ऊब, तिच्यातले न दिसणारे किरण, बाजूला सावली, पायाखाली गार ओलसर माती आणि रोजची रात्र. यातलं काय दिलं आणि काय वगळलं याचा जमाखर्च कासवाच्या पाठीवर उमटतो, आणि तो पुसता येत नाही. हे असं का होतं ते समजायला आधी त्या पाठीच्या आत डोकावायला हवं.

कार्टूनमधलं कासव कवच उतरवून बाहेर येतं. खऱ्या कासवाला ते शक्य नाही, कारण कवच त्याने अंगावर घातलेलं नसतं. तो त्याचा सांगाडाच आहे. रिकामं कवच उलटं करून आत पाहिलं तर घुमटाच्या मधोमध मणक्यांची रांग छताला चिकटलेली दिसते. दोन्ही बाजूंच्या फासळ्या रुंद होत होत एकमेकींना भिडलेल्या असतात. मणके, फासळ्या आणि कडेची हाडं मिळून सुमारे ५० हाडांचं ते छप्पर. पोटाकडचं सपाट कवच वेगळ्या हाडांचं, त्यात आपल्या गळ्याखालच्या हाडांचे नातलगही सामील झालेले.

यात एक गोष्ट अशी आहे की ती पहिल्यांदा कळल्यावर मी बराच वेळ स्वतःचाच खांदा चाचपत बसलो होतो. आपल्या खांद्याचं पातं फासळ्यांच्या बाहेर, पाठीवर असतं. मांजराचं तसंच, चिमणीचं तसंच, मगरीचंही तसंच. कासवाचं पातं मात्र फासळ्यांच्या पिंजऱ्याच्या आत असतं. कणा असलेल्या प्राण्यांत हा उलटा कारभार दुसऱ्या कुणाचाच नाही. जपानमधल्या कोबे इथे शिगेरू कुरातानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ पाठीच्या चिनी कासवाची अंडी घेऊन गर्भाची वाढ टप्प्याटप्प्याने पाहिली. सुरुवातीला सगळं इतर प्राण्यांसारखंच असतं. मग अंगाची भिंत आत दुमडते, फासळ्या खाली वळायच्या सोडून आडव्या पसरत जातात आणि खांद्यावर छत्र धरतात. २००९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. प्रत्येक कासव अंड्यात असताना ही घडी नव्याने घालतं.

मूळ कशासाठी होतं हे? संरक्षणासाठी, असं आपण पटकन म्हणतो. पण चीनमध्ये २००८ साली वर्णन झालेल्या, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या ओडोन्टोकेलिस या प्राण्याचं पोटाकडचं कवच पूर्ण होतं, पाठीवर मात्र नुसत्या रुंद फासळ्या. त्याच्याही आधीचा, सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीचा दक्षिण आफ्रिकेतला युनोटोसॉरस. त्याच्या फासळ्या रुंद, पण कवच नाहीच. टायलर लायसन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलं की त्या रुंद फासळ्या पहिल्यांदा उपयोगी पडल्या त्या बीळ खोदायला. जमिनीत जोर लावून उकरायचं तर धड पक्कं हवं. हे खरं असेल तर कासव आधी मातीचं होतं, चिलखताचं नंतर झालं. दिवे आणि तापपट्ट्या निवडताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, तिच्याकडे पुन्हा येऊ.

फासळ्या एकमेकींत गुंतल्या की छाती फुगवून श्वास घेता येत नाही. कासव पोटातल्या स्नायूंच्या पट्ट्या ताणून-सैलावून फुप्फुसं भरतं आणि रिकामी करतं. आपल्यासारखं श्वासपटल नाही, जोरदार खोकला नाही. त्यामुळे गार, ओल्या हवेत फुप्फुसात कफ साठला तर तो बाहेर टाकणं त्याला फार अवघड जातं, आणि नाकातून वाहणारं पाणी बघता बघता न्यूमोनियावर जातं. कवचाची ही किंमत आहे.

हाडांच्या वर आपल्याला दिसणारे जे नक्षीदार पट्टे असतात ते केराटिनचे. आपली नखं आणि म्हशीची शिंगं त्याच पदार्थाची. पाठीवर साधारण ३८ पट्टे, पोटावर १२. आता गंमत अशी की वरच्या पट्ट्यांचे सांधे आणि खालच्या हाडांचे सांधे एकावर एक येत नाहीत. गवंडी वीट रचताना वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या मधोमध आणतो, तशीच ही रचना, म्हणून तडा गेला तरी तो सरळ आरपार जात नाही. आणि पट्ट्यांखाली, हाडावर, रक्त आणि मज्जातंतू असलेला जिवंत थर आहे. कासवाला पाठीवरचा स्पर्श कळतो. गालापागोस बेटांवरची महाकाय कासवं फिंच पक्षी जवळ आले की पाय ताठ करून, मान उंचावून उभी राहतात, म्हणजे पक्ष्यांना त्यांच्या अंगावरच्या गोचिडी वेचता येतात.

या कवचाची सगळ्यात विलक्षण कहाणी उत्तर अमेरिकेतल्या एका पाण्यातल्या कासवाची आहे, रंगीत कासव म्हणतात त्याला. गोठलेल्या तळ्याच्या तळाशी ते हिवाळाभर पडून राहतं. श्वास नाही, पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. अशा वेळी शरीरात लॅक्टिक आम्ल साठत जातं, आणि एवढं आम्ल बहुतेक प्राण्यांना मारायला पुरेसं असतं. ब्राउन विद्यापीठातल्या डोनल्ड जॅक्सन यांनी दाखवलं की हे कासव आपल्या कवचातून कार्बोनेट क्षार रक्तात सोडून आम्ल मारतं आणि उरलेलं आम्ल चक्क कवचाच्या हाडात साठवून ठेवतं. ३ अंश सेल्सियसच्या पाण्यात, प्राणवायूशिवाय, ३ महिन्यांहून जास्त! पाठीवरची ढाल ही अशी आतून काम करत असते.

हे माहीत झाल्यावर माणसांनी कासवांच्या पाठींचं काय केलंय ते वाचवत नाही. ब्रिटनमध्ये एके काळी कवचाच्या कडेला भोक पाडून त्यातून दोरी ओवायची पद्धत होती, कासव बागेबाहेर जाऊ नये म्हणून. ते भोक जिवंत हाडात पडत असे. कवच चमकावं म्हणून ऑलिव्ह तेल चोळलं जाई. तेलाने धूळ धरते आणि कवचाला मिळत काहीच नाही. रंगवलेली कासवं तर आजही सापडतात; फ्लोरिडाच्या वन्यजीव खात्याला लोकांना जाहीर विनंती करावी लागली की रानातल्या कासवांच्या पाठी रंगवू नका. रंगाच्या थराखाली अतिनील किरण पोचत नाहीत, आणि रंगातली रसायनं कासवाच्या अंगात मुरू शकतात.

अतिनील किरण आणि कवच यांचा संबंध सरळ आहे, पण त्यात एक सुंदर अट आहे. कासवाच्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ असतो. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी, म्हणजे ज्यांना ‘यूव्हीबी’ म्हणतात त्या, त्याच्यावर पडल्या की त्याचं ड जीवनसत्त्वाच्या आधीच्या रूपात रूपांतर होतं. पुढचं रूपांतर प्रकाशाने होत नाही, ते होतं अंगातल्या उबेने. म्हणजे नुसता प्रकाश असून भागत नाही आणि नुसती ऊब असूनही नाही. सकाळी मान आणि चारही पाय लांबवून ऊन खात पडलेलं कासव ही दोन्ही कामं एकाच वेळी उरकत असतं. मग यकृत, मूत्रपिंडं असा प्रवास करून तयार झालेलं ड जीवनसत्त्व आतड्याला सांगतं, कॅल्शियम घे.

ते मिळालं नाही तर? हृदयाला आणि स्नायूंना रक्तात ठरावीक कॅल्शियम लागतंच. शरीर ते हाडांतून उपसतं. आणि कासवाच्या बाबतीत हाडं म्हणजे मुख्यतः कवच. ते मऊ पडायला लागतं, बोटाने दाबलं तर दबतं, कडा वर वळतात, पिल्लू मागचे पाय ओढत चालतं. (अंड्यातून नुकतंच आलेलं पिल्लू थोडं लवचीक असतं, ते ठीक. आणि पूर्व आफ्रिकेतलं चपटं पॅनकेक कासव आयुष्यभर लवचीक असतं. संकट आलं की खडकांच्या फटीत शिरून बसतं. मोठ्या कासवांत हे अपवाद.) खिडकीत उन्हाला ठेवलेल्या कासवाच्या बाबतीत फसगत होते ती इथे. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळी अडवते. काचेआडून येतं ते प्रकाश आणि ऊब, आणि काचेच्या टाकीत ती ऊब कोंडून जीवघेणी होऊ शकते. म्हणून थंड देशांत यूव्हीबी देणाऱ्या खास नळ्या लावतात. या नळ्या डोळ्यांना तेवढ्याच उजळ दिसत राहतात, पण त्यांचे न दिसणारे किरण महिन्यागणिक क्षीण होतात. जाणते लोक मापक यंत्र वापरतात, नाहीतर साधारण वर्षाने नळी बदलतात. सोबत रानपाला, म्हणजे डँडेलियनसारखं तण, जाडाभरडा, तंतुमय, कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस कमी असलेला. कोपऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा ठेवला की कासव लागेल तसं कुरतडतं. समुद्रफेस म्हणजे कटलफिशचं आतलं कवच, चुनखडीच्या क्षारांचं. एका प्राण्याच्या कवचातून दुसऱ्याच्या कवचात जाणारं कॅल्शियम.

आता ऊब कशी द्यायची ते. बहुतेक अपघात याच ठिकाणी होतात, आणि बहुतेक प्रेमापोटी.

सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे खालून तापवणं. तापपट्टी, तापता दगड. आपल्याला थंडी वाजली की आपण ऊबदार गादीत शिरतो, तेव्हा कासवालाही ते बरं वाटेल असं वाटतं. पण कासवाच्या पूर्वजांचा २६ कोटी वर्षांचा अनुभव नेमका उलटा आहे. वर ऊन असतं, खाली गारवा असतो. अंग तापलं की कासव काय करतं? खाली उकरतं. आणि खालीच तापपट्टी असेल तर ते सुटकेसाठी जितकं खोल जाईल तितकं अधिक भाजेल. पोटाच्या कवचावरचे असे चटके पशुवैद्यांना नेहमी बघावे लागतात, आणि पाळणाऱ्याला ते उशिरा कळतात, कारण कासव ओरडत नाही आणि त्याला उलटं करून कुणी रोज पाहत नाही.

तेव्हा ऊब वरूनच हवी. पण वरून येणारी प्रत्येक ऊब सारखी नसते. सूर्यप्रकाशातली जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांची असते. त्यातले आखूड लहरींचे, सुमारे ७०० ते १४०० नॅनोमीटरचे किरण अंगात खोलवर शिरतात. लांब लहरींचे किरण पृष्ठभागावरच अडतात. आणि इथे वातावरण एक देखणी कामगिरी बजावतं. ज्या अवरक्त लहरी पाणी सर्वाधिक शोषतं, त्याच हवेतली वाफ आधी शोषून घेते. म्हणजे जमिनीवर पोचणारं ऊन गाळून आलेलं असतं. कातडीतलं पाणी वरच्या वर आटवून टाकणाऱ्या लहरी त्यातून बऱ्याच कमी झालेल्या असतात, आणि खोल जाणारी ऊब शिल्लक राहते. दिव्यापासून कासवापर्यंतच्या हातभर हवेत असं गाळणं होत नाही. त्यामुळे दिव्याखालची ऊब, अंशांत मोजली तर तेवढीच असली, तरी पाठीला जास्त कोरडी करते.

यातून व्यवहारात दोन-तीन गोष्टी निघतात. नुसता काळा सिरॅमिकचा तापक दिवसाच्या सूर्याची जागा घेऊ शकत नाही. त्याची ऊब लांब लहरींची, वरवरची. प्रकाशासकट ऊब देणारे, तारेचे किंवा हॅलोजनचे दिवे सूर्याच्या जास्त जवळचे. त्यातही अरुंद झोताचा दिवा वाईट, कारण तो मोठ्या कासवाच्या पाठीचा माथाच तेवढा भाजतो. माथा तापलेला, पण पाय आणि पोट गारच. मग अंगात ऊब मुरावी म्हणून कासव झोताखाली आणखी आणखी वेळ बसतं आणि माथा आणखी वाळतो. खऱ्या उन्हात अख्खं कासव एकदमच न्हाऊन निघतं. ब्रिटनमधल्या टॉर्टॉइज ट्रस्टचे अँडी हायफील्ड यांनी या मुद्द्याकडे पाळणाऱ्यांचं लक्ष वेधलं, ते फार मोलाचं काम झालं असं मला वाटतं. रुंद झोताचा दिवा थोडा उंचावर, किंवा दोन-तीन दिवे शेजारी शेजारी, म्हणजे ऊब कासवाच्या सगळ्या अंगावर सारखी पडते.

आणि तापमान मोजायचं ते जमिनीवर नव्हे, तर कासवाच्या पाठीच्या उंचीवर. दिव्याला सर्वांत जवळ असतो तो कवचाचा माथा, आणि कासव वाढत जातं तसा तो दरवर्षी दिव्याच्या आणखी जवळ जातो. दिवा मात्र जागचा हलत नाही. भूमध्य प्रदेशातल्या कासवांसाठी ऊन खायच्या जागी साधारण ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला २० ते २२ अंश, असा उतार असला की झालं. निवड कासवाची. दिवसभर ते या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालून स्वतःचं अंग ३० अंशांच्या आसपास राखतं, आणि तेवढ्या उबेत त्याचं आतडं पाल्याचा जाड तंतू कुजवून पचवू शकतं. अंग गार असताना पोटात गेलेलं अन्न पचत नाही, आंबत राहतं. पण सगळी पेटीच ३५ अंशांवर गेली तर कासवापाशी कोबीचं पान उरत नाही, आणि ते मरूही शकतं.

दिवा अडकवायचा तो साखळीने, सिरॅमिकच्या होल्डरमध्ये; चिमट्यावर कधीही नाही. चिमटा निसटतो, दिवा गवतावर पडतो आणि आग लागते. तापक थर्मोस्टॅटशिवाय लावू नये. रात्री दिवे बंद, लाल दिवासुद्धा नको, कारण कासवाला तो दिसतो आणि त्याची रात्र मोडते. भूमध्य प्रदेशातल्या निरोगी मोठ्या कासवांना घरातला रात्रीचा गारवा चालतो, किंबहुना लागतो. सल्काटासारख्या उष्ण प्रदेशातल्या जातींना रात्रीही ऊब लागते, आणि तिथे तो बिनउजेडाचा सिरॅमिक तापक, थर्मोस्टॅट लावून, खरा कामाचा.

या गारव्याची पुढची पायरी आपल्याकडच्या वाचकाला अविश्वसनीय वाटेल. ब्रिटनमध्ये कित्येक लोक हिवाळ्यात आपलं कासव फ्रीजमध्ये ठेवतात. १९८४पर्यंत तिथे भूमध्य प्रदेशातून कासवं बोटी भरभरून आणली जात आणि त्यातली बहुसंख्य पहिल्या वर्षातच मरत. त्या वर्षी व्यापारी आयातीवर बंदी आली. त्यानंतर असलेली कासवं जगवायचं शास्त्र लोकांनी फार कसोशीने उभं केलं. ही कासवं निसर्गात हिवाळाभर मातीत निजतात. झोपेत त्यांना ५ अंशांच्या आसपास राहायला लागतं. १० अंशांच्या वर गेलं की जाग येते आणि अंगातला साठा भराभर संपतो. शून्याखाली गेलं की डोळ्यांतलं पाणी गोठतं आणि कासव आंधळं होऊ शकतं. माळ्यावरच्या गवताच्या खोक्यात हे सांभाळणं कठीण. फ्रीजचं काम मात्र तेवढंच असतं. आधी दोन-तीन आठवडे उपाशी ठेवून आतडं रिकामं करतात, वजन आणि लांबी यांचं प्रमाण तपासतात, दर काही दिवसांनी दार उघडून हवा बदलतात, वजन करतात. वसंतात बाहेर काढून कोमट पाण्यात बसवलं की कासव आधी पाणी पितं, पुष्कळ पितं. आजारी किंवा कमी वजनाच्या कासवाला मात्र असं निजवायचं नाही, आणि उष्ण प्रदेशातल्या जातींना कधीच नाही. सल्काटाला आणि आपल्या तारका कासवाला हिवाळी झोप ठाऊकच नाही.

आता त्या पाठीवरच्या जमाखर्चाकडे. पाळलेल्या कासवांच्या पाठीवर पुष्कळदा प्रत्येक पट्टा सुळक्यासारखा वर आलेला दिसतो. किती तरी वर्षं दोष दिला गेला तो जास्त प्रथिनांच्या खाण्याला. २००३ साली व्हिएन्नाच्या विस्नर आणि इबेन या संशोधकांनी सल्काटाची पिल्लं ५ महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या आहारावर वाढवली. निकाल असा आला की प्रथिनांचा वाटा किरकोळ, खरा फरक हवेतल्या ओलाव्याचा. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठी उंचवट्यांच्या झाल्या, दमट हवेतल्यांच्या बऱ्याच सपाट राहिल्या. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या जातीचं हे! पण वाळवंटातलं पिल्लू वाळूवर पडून नसतं. ते बिळात, मुळांखाली, गवताच्या बुंध्यात दडलेलं असतं, आणि तिथे ओल असते. कवच वाढतं ते पट्ट्यांच्या कडांना. तिथलं कोवळं केराटिन दिव्याखाली भराभर वाळून घट्ट झालं तर पुढची वाढ आडवी पसरण्याऐवजी वेडीवाकडी होते, असं आता बहुतेक जाणकार मानतात. एकदा उठलेला उंचवटा बसत नाही. पण ओलावा सुधारला तर त्यानंतरची वाढ सपाट येऊ शकते, आणि पट्ट्याच्या मध्यापासून कडेपर्यंत नजर फिरवली की कासवाचे दिवस कधी पालटले ते दिसतं. ओलावा मात्र उबेसोबतच हवा. गार आणि ओलं एकत्र झालं की कवच बुरशी-जंतूंनी सडतं, वास येतो, पट्ट्याखाली मऊ लागतं.

आपल्या तारका कासवाकडे पाहिलं की हे सगळं अंगणातलं होतं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या घेऊन फिरणारं हे कासव भारताच्या वायव्य आणि आग्नेय भागात आणि श्रीलंकेत सापडतं. त्याच्या पाठीवर थोडे उंचवटे निसर्गतःच असतात. कडक उन्हाळ्यात ते झुडपांत निपचित असतं, आणि पाऊस पडला की सर्वांत चपळ होतं. चरतं, हिंडतं, जोडीदार शोधतं. म्हणजे त्याच्या वाढीचे दिवस हे दमट हवेचे, कोवळ्या पाल्याचे दिवस. परदेशात कोरड्या, तापवलेल्या खोलीत वाढलेल्या तारका कासवांच्या पाठीला पावसाळा कधी लाभत नाही आणि त्यांचे उंचवटे मग बेढब होतात.

भारतात मात्र या कासवासाठी दिवा कुठला घ्यावा हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते घरी ठेवणं गुन्हा आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे, २०२२च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत आलं, आणि २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक यादीत गेलं. तरीही ही कासवं पकडली जातात, टेप गुंडाळून पिशव्यांत भरली जातात, विमानतळांवर सापडतात. घरात कासव असलं की भाग्य येतं या समजुतीपायी कितीतरी तारका कासवं आपल्याकडच्या घरांत फरशीवर, पंख्याखाली, पोळी-भातावर मऊ पडत चाललेल्या पाठी घेऊन दिवस काढतात. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं; त्याला ऊन-पाणी लागत नाही. जित्या कासवाला लागतं.

महाराष्ट्रात कुणाकडे असं कासव असेल किंवा रस्त्यात सापडलं असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. जवळच्या टेकडीवर नेऊन सोडू नये. ते मूळचं कुठलं, अंगात कुठले जंतू आहेत हे तपासल्याशिवाय सोडलेलं कासव तिथल्या प्राण्यांनाही धोका ठरतं. माणसं येईपर्यंत हवेशीर खोका, सावलीतली जागा आणि हनुवटीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्याचं उथळ ताट पुरे. कवचाला तडा असेल तर स्वच्छ कापड सैलसर गुंडाळावं. त्यावर गोंद, एम-सील, हळद काही भरू नये, कारण आत कोंडलेला जंतुसंसर्ग हाडात उतरतो. पशुवैद्य जखम धुऊन, तडा तारेने किंवा पट्टीने जुळवून देतील. हाड असल्यामुळे ते सांधतं. मात्र त्याला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.